ऐंशीचा पाढा

बाटलीत दोन घोट पाणी उरलं होतं आणि तो माणूस माझ्यापासून चार पावलांवर उभा राहून ते संपायची वाट बघत होता. नोव्हेंबर २०१८. जर्मनीतल्या केमनिट्झ शहराच्या मधोमध असलेला ट्रामचा थांबा. दुपारचे साडेचार वाजले होते आणि दिवेलागण होऊनही गेली होती. म्हातारा सत्तरीच्या पुढचा असावा. करडा कोट, आतून दिसणारी इस्त्रीची कॉलर, एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात छोटी बॅटरी. कचऱ्याच्या डब्यात झोत टाकून त्यानं बघितलं होतं, काही मिळालं नव्हतं, आणि मग माझ्या हातातली बाटली त्याला दिसली होती. तो बोलला नाही, हात पुढे केला नाही. नुसता जरा बाजूला तोंड करून उभा राहिला, पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं ताक पिऊन व्हायची वाट बघणाऱ्या वाढप्यासारखा. मी ते दोन घोट घेतले, झाकण लावलं, बाटली सॅकमध्ये टाकली आणि चेन ओढली. त्यानं मान हलवली, 'शोनेन टाग नोख' म्हणाला, म्हणजे उरलेला दिवस छान जावो, आणि पुढच्या डब्याकडे गेला.

बाटली मी विकतही घेतलेली नव्हती. सकाळी कॉलेजात कुणा पाहुण्याचं व्याख्यान होतं, तिथं दाराशी फुकट वाटत होते. पण तिकडे एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. दुकानातल्या मशीनच्या तोंडात रिकामी बाटली सरकवायची, ती आत चुरगाळल्याचा आवाज येतो, चिठ्ठी बाहेर येते आणि ती काउंटरला दिली की बिलातून तेवढे पैसे वजा होतात. स्वस्त दुकानात तेव्हा दीड लिटर पाणी १९ सेंटला मिळायचं आणि त्याच्या बाटलीची अनामत २५ सेंट. पाण्यापेक्षा बाटली महाग, याचं मला पहिले काही दिवस फार हसू यायचं. नंतर नाही आलं. २५ सेंट म्हणजे वीस रुपये.

परदेशी शिकायला गेलेल्या आमच्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक पाढा चालू असतो. माझ्या वेळी तो ऐंशीचा होता. युरो कधी ब्याऐंशीवर जायचा, कधी अठ्ठ्याहत्तरवर यायचा, पण ऐंशीनं गुणायला सोपं पडतं. शाळेत तीसपर्यंतचे पाढे पाठ करताना मी रडले होते, हा मात्र न शिकता आला. कोथिंबीर तिथं जुडीनं नव्हे, कुंडीसकट मिळायची. एक युरो एकोणपन्नास, म्हणजे एकशे वीस रुपये, आणि कुंडीत काड्या मोजून बारा. मी कुंडी उचलायचे, गुणाकार करायचे, परत ठेवायचे. हिवाळ्याच्या बुटांची किंमत ऐंशीनं गुणल्यावर मी दुकानातच जरा बसून घेतलं. तिथल्या मुलींबरोबर कॉफी प्यायला जायचं म्हणजे दोनशे ऐंशी रुपये, म्हणून मी म्हणायचे, मला कॉफी चालत नाही. दोन वर्षं ते इतकं पक्कं झालं की वर्गातल्या एका मुलीनं वाढदिवसाला मला मुद्दाम चहाचा डबा दिला, बिचारीला कॉफी चालत नाही म्हणून.

मी इचलकरंजीची. आमच्या घरात पैसा रुपयांत मोजायच्या आधी पैशांत मोजला जातो. पप्पा खर्चीवाले. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, माग आणि वीजबिल आमचं. मजुरी मिळते पीकावर, म्हणजे इंचभर कापडात बसणाऱ्या आडव्या धाग्यांवर. एका पीकाला पाच पैसे, साडेपाच पैसे, बरे दिवस असले तर सहा. बावन्न पीकाचं कापड असलं की मीटरमागे तीन रुपयांच्या आसपास पडतात. त्यातून कामगार, वीज, तेल, मोडतोड. दर अर्ध्या पैशानं वाढवून मिळावा म्हणून मोर्चे निघालेले मी लहानपणापासून बघितलेत. अर्धा पैसा! पुण्यात कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं मी पन्नास वर्षांपूर्वीचं सांगतेय. तेव्हा खरं तर माझ्या डोक्यातला हिशेब युरोवरून रुपयावर येऊन थांबायचाच नाही, तो पुढे मीटरपर्यंत जायचा. ती बाटली म्हणजे पावणेसात मीटर कापड. पावणेसात मीटर विणून होईस्तोवर माग किती वेळ खडखडतो ते मला झोपेतही सांगता येईल.

मला पाठवण्यासाठी पप्पांनी सोळातले चार माग काढले. 'विकले' म्हणत नाहीत आमच्याकडे, 'काढले' म्हणतात. कुणी चालवायला घेतले असते तर बरं वाटलं असतं, पण त्या वर्षी साध्या मागांना गिऱ्हाईकच नव्हतं, भंगारवाला आला आणि किलोच्या भावानं घेऊन गेला. वर बँकेचं कर्ज, घर तारण. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण व्हिसासाठी एका बंद खात्यात वर्षभराचा खर्च आधी भरून दाखवावा लागतो. तेव्हा तो ८,६४० युरो होता. पावणेसात लाखांच्या वर. ते खातं दर महिन्याला तुमचेच ७२० युरो तुमच्या हातावर ठेवतं. नात्यातल्या एक काकू आईला म्हणाल्या, "लग्नाचंच घातलंसा म्हणायचं." आईनं उत्तर दिलं नाही, फक्त माझ्या बॅगेत मेतकुटाची आणखी एक पिशवी कोंबली.

तिथं गेल्यावर पहिल्यांदा त्रास झाला तो थंडीचा नव्हे, शांततेचा. आमचं घर मागाच्या शेडला लागून. दिवसपाळी, रातपाळी, खड्‌खट् खड्‌खट्, भिंतीला पाठ टेकली तर पाठीत जाणवणारं. लाईट गेली की माग थांबायचे आणि त्या शांततेनं आम्ही पोरं दचकून जागी व्हायचो. केमनिट्झला मी सगळी रात्र लाईट गेल्यासारखी काढायचे. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही, रविवारी कपड्यांचं मशीन लावायचं नाही. एकदा रात्री मी घरी फोनवर बोलत होते, तर शेजारच्या मुलीनं भिंतीवर टकटक केली. भांडत नव्हते मी, आईला भाताचं प्रमाण विचारत होते. मागाच्या गावची माणसं एकमेकांशी मोठ्यानंच बोलतात, नाहीतर ऐकू कुठं येणार. मग मी हळू बोलायला शिकले आणि आई पलीकडून विचारायला लागली, "बरं नाही काय गं तुला? आवाज का असा पडलाय?"

ऐंशीनं गुणलं की जग स्वस्त-महाग होत नाही, तुम्ही लहान होता.

तांदूळ मी एका व्हिएतनामी बाईंच्या दुकानातून आणायचे. पूर्व जर्मनीच्या काळात, १९८०च्या दशकात, कारखान्यांसाठी व्हिएतनाममधून करारावर हजारो कामगार आणले होते, त्यांतल्या त्या. कापडगिरणीत होत्या. १९९०ला जर्मनी एक झाला, गिरणी बंद पडली, करार संपला. बऱ्याच जणी परत गेल्या, या राहिल्या आणि आधी रस्त्यावर कपडे, मग भाज्या विकायला लागल्या. तीस वर्षं राहूनही त्यांचं जर्मन माझ्यासारखंच तुटक होतं, त्यामुळे आमचं दोघींचं छान जमायचं. सरकारी कचेरीत माझं जर्मन ऐकून समोरचा माणूस डोळे मिटून घ्यायचा, इथं मात्र मी बोलकी व्हायचे. त्या एकदा मला म्हणाल्या, की पहिल्या वर्षी त्याही प्रत्येक गोष्टीचे डाँग, म्हणजे त्यांच्याकडचे पैसे, करून बघायच्या. मी विचारलं, मग कधी बंद झालं? त्यांनी खांदे उडवले आणि पिशवीत एक मिरची जास्तीची टाकली.

त्या म्हाताऱ्याबद्दल मी स्वतःला जे सांगितलं तेही लिहायला हवं. मी पोचायच्या महिनाभर आधी, ऑगस्टच्या शेवटी, त्या शहरात एका माणसाचा भोसकून खून झाला, संशय स्थलांतरितांवर गेला आणि त्यावरून मोर्चे, परक्या दिसणाऱ्यांचा पाठलाग, सगळं जगभरच्या टीव्हीवर आलं. आईनं ते मराठी चॅनलवर बघितलं. व्हिसा हातात आला होता, माग भंगारात गेले होते, त्यामुळे कुणी 'नको जाऊस' म्हणालं नाही. आमच्या सीनियर मुलांनी पहिल्याच दिवशी बजावलं, शुक्रवारी संध्याकाळी मार्क्सकडे फिरकायचं नाही. हे शहर १९५३ पासून १९९० पर्यंत कार्ल-मार्क्स-श्टाट होतं, आणि मार्क्सचं नुसतं डोकं, सात मीटर उंच, ब्राँझचं, भर रस्त्यात अजून आहे. गावातली माणसं त्याला 'निशल' म्हणतात, म्हणजे टाळकं. मागच्या भिंतीवर 'जगातल्या कामगारांनो एक व्हा' चार भाषांत कोरलेलं. त्या पाटीखालीच त्या हिवाळ्यात परक्यांविरुद्धच्या सभा भरत होत्या. तर मी बाटली सॅकमध्ये टाकल्यावर ट्राममध्ये बसून असं ठरवलं, की तो म्हातारा त्या सभांना जाणाऱ्यांपैकीच असणार. कशावरून? कशावरूनच नाही. कोट करडा होता. पण तसं ठरवलं की बरं वाटलं, आणि तीन-चार थांबे ते टिकलं. मग ते 'शोनेन टाग नोख' आठवलं. तिरकस नव्हतं ते. दुकानदार गिऱ्हाईकाला म्हणतो तसं साधं होतं. तिरकस असतं तर मी विसरून गेले असते.

जानेवारीत मला पार्सलच्या गोदामात काम मिळालं. पहाटे चारची पाळी, आठवड्यातून तीनदा. पट्ट्यावरून खोकी येतात, कोड वाचायचा, पिंजऱ्यात रचायचं. बोटांची सालं निघायची आणि पहाटे तीनच्या बर्फात चालताना स्वतःच्या श्वासाचाच आवाज मोठा वाटायचा. पण तिथं बोलावं लागत नसे, आणि पट्टा खडखडायचा. खरं सांगते, त्या आवाजात मला माणसात आल्यासारखं वाटायचं. पहिल्या पगाराच्या दिवशी फोन केला. घरी दुपार होती, मागे माग चालू.

"तासाला किती म्हणालीस?" पप्पांनी विचारलं.

"नऊ युरो एकोणीस सेंट. सगळ्यांना तेवढंच, कमीत कमी तेवढं द्यावंच लागतं इथं."

"म्हंजे?"

"सातशे पस्तीस."

पप्पा गप्प झाले. मागचा खडखडाट ऐकू येत राहिला. आमच्याकडचा कामगार बारा तासांची पाळी करून चारशे-साडेचारशे नेत होता आणि तोही त्याच क्षणी तिथं, पप्पांच्या पाठीमागे उभा असणार. "तासाला?" त्यांनी पुन्हा विचारलं, जरा हळू आवाजात. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल, झालाही असेल. पण त्यांच्या आवाजात आणखी काहीतरी होतं, ज्याला मी अजून नाव दिलेलं नाही. आयुष्यभर जे मोजत आलो ते माप कुणीतरी हातातून काढून घेतल्यावर माणूस जसा बोलेल तसं. मग म्हणाले, "बरं. खाऊन जात जा पहाटे." नंतर आईकडून कळलं, की आमच्या कामगारानं ते ऐकलंच होतं आणि चार दिवसांनी विचारलं, "मालक, तिकडं माणसं लागत्यात काय बघा की."

केमनिट्झला एके काळी सॅक्सनीचं, म्हणजे तिथल्या राज्याचं, मँचेस्टर म्हणायचे. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. हे मला तिथं गेल्यावर चार महिन्यांनी, उद्योग-संग्रहालयाच्या पाटीवर वाचून कळलं, आणि उगाच भाऊबंद भेटल्यासारखं झालं. (खऱ्या मँचेस्टरला मी अजून गेलेले नाही. जायची फारशी इच्छाही नाही.) जुन्या ओतशाळेत ते संग्रहालय आहे आणि तिथली यंत्रं नुसती ठेवलेली नाहीत, चालवून दाखवतात. दाखवणारे आजोबा स्वतः गिरणीतले. त्यांनी खटका दाबला आणि मागानं पहिला ठोका टाकला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, दुसरं काही म्हणून ते लपवता येण्यासारखं नव्हतं. तेलाचा वास, सुताची बारीक उडती धूळ, धोट्याचं ते इकडून तिकडे झेपावणं. पाच मिनिटांत उभा धागा तुटला, माग थांबला. आजोबा चष्मा शोधायला लागले. मी दोरी ओलांडून पुढे गेले आणि गाठ मारली. ती गाठ आमच्या गल्लीत सहावीतल्या पोरालाही येते, त्यात काही विशेष नाही. आजोबांनी माझ्या बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. कुठं शिकलीस? घरी, म्हटलं. त्यांनी मला धोटा हातात दिला, गुळगुळीत लाकडाचा, टोकांना लोखंड. तुमच्याकडे याला काय म्हणतात? धोटा. त्यांनी तीनदा म्हणून बघितलं, तिन्ही वेळा 'डोटा' झालं. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या गिरणीत असे दोनशेच्या वर होते. १९९०नंतर काही विकले गेले, बाकीचे भंगारात. किलोवर.

मी त्यांना चार मागांचं सांगितलं नाही. जर्मन पुरलं नसतं असं नाही. खरं तर तेवढं येत होतं.

वसंतात तो बाटलीवाला म्हातारा पुन्हा दिसला, त्याच थांब्यावर, तोच कोट. तोवर मला तिथली रीत कळली होती. बाटली डब्यात टाकायची नाही, डब्याच्या बाजूला जमिनीवर उभी करून ठेवायची, म्हणजे घेणाऱ्याला कचऱ्यात हात घालावा लागत नाही. कुणी कुणाला देत नाही, कुणी कुणाकडून घेत नाही, बाटली नुसती तिथं असते. मला हे माहीत होतं. तरीही मी घाईघाईनं सॅकमधून बाटली काढली, अर्धी भरलेली होती ती गटागटा संपवली आणि त्याच्यापुढे धरली. किती महिने मनात घोळलेलं ते, मला वाटलं आता सुटले. त्यानं बाटली घेतली, पिशवीत ठेवली, 'डांके' म्हणाला. आणि मग तेच, त्याच आवाजात, शोनेन टाग नोख. त्याला मी आठवत नव्हते. कशाला आठवेन?

२०२५च्या दिवाळीत घरी गेले होते तर आमच्या गल्लीतली एक मुलगी भेटायला आली. ती जर्मनीला निघाली होती, केमनिट्झला नाही, दुसरीकडे. युरो शंभरावर गेला होता, त्यामुळे तिला पाढाही लागणार नव्हता, नुसती दोन शून्यं. बंद खात्यात तेव्हा ११,९०४ युरो भरावे लागत होते, महिन्याला ९९२ परत. कागदपत्रं आधी तपासून घ्यायचं नवं प्रमाणपत्र आलं होतं, त्यासाठी ती चार महिने थांबली होती. तिनं लॅपटॉपवर अख्खा तक्ता करून आणला होता, लाल, पिवळ्या, हिरव्या रकान्यांचा. मी तिला कुकरच्या जास्तीच्या रिंगबद्दल सांगितलं, तांदूळ नेऊ नकोस म्हटलं, बूट तिकडेच घे आणि घेताना गुणाकार करू नकोस. ती हसली आणि तेही टाइप केलं. पप्पा बाजूला खुर्चीत पेपर वाचत बसले होते. शेडमध्ये आता आठच माग आहेत. "केमनिट्झ यंदा युरोपची सांस्कृतिक राजधानी आहे म्हणे," ती म्हणाली. मी म्हटलं, हो, वाचलं मी. मला एकदम ब्राँझचं ते टाळकं आठवलं, डोक्यावर बर्फ साचलेलं.

"अजून काही, ताई?"

एक होतं. २०१९चा ऑक्टोबर, नवी मुलं यायचे दिवस. मी त्याच थांब्यावर बाटली डब्याच्या बाजूला नीट उभी करून ठेवली होती आणि खांबाला टेकून ट्रामची वाट बघत होते. एक मुलगा आला, आपल्याकडचाच, नवंकोरं फुगीर जॅकेट एक माप मोठं घेतलेलं, पायात मात्र गावाकडचेच कापडी बूट. त्यानं बाटली बघितली. इकडे तिकडे बघितलं. मी त्याच्या नजरेत येणार एवढ्यात खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. चेन ओढल्याचा आवाज झाला. मी नाडीला दुसरी गाठ मारली, मग तिसरी. ट्राम आली तेव्हा तो पुढच्या दारानं चढला आणि मी मागच्या.

"नाही," मी त्या मुलीला म्हटलं. "एवढंच."